दर मृगाला पीटीओ अडतो: छोट्या ट्रॅक्टरचा गिअर बॉक्स उघडण्याआधी काय तपासावं

मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस पडले की आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे सगळ्यांची एकदमच धावपळ सुरू होते. मेरांच्या (बांधांच्या) आत पाणी उभं असतं, तरवा (भाताची रोपं) वर आलेला असतो आणि जो तो ट्रॅक्टरची चौकशी करत असतो. नेमकं त्याच दिवशी शेडमधून ट्रॅक्टर काढायचा, रोटाव्हेटर जोडायचा, क्लच दाबून पीटीओचा (ट्रॅक्टरच्या मागून अवजाराला फिरती ताकद देणाऱ्या शाफ्टचा) लिव्हर ओढायचा, आणि मागून कर्रर्र. पुन्हा दाबा, पुन्हा कर्रर्र. इंजिन ठणठणीत, लिफ्ट ठीक, चाकं फिरतात, फक्त रोटाव्हेटर फिरत नाही.

आमच्या वाड्यावर चार घरांत मिळून 18 एचपीचा एक ट्रॅक्टर आहे. सिंगल क्लच, मागे सहा दातांचा 540 आरपीएमचा पीटीओ, साडेतीन फुटी रोटाव्हेटर. शेतं लहान, मेरा अरुंद आणि कुळागरात पोफळींमधून वळायचं, त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरचा इथे उपयोग नाही. या ट्रॅक्टरला तीन वर्षं लागोपाठ जूनमध्ये हाच त्रास झाला. तिन्ही वेळा आम्ही काहीतरी दुरुस्ती केली, तिन्ही वेळा तो चालू लागला, आणि पुढच्या मृगाला पुन्हा तिथेच येऊन अडला. खरं कारण चौथ्या वर्षी सापडलं. तोवर पैसे गेलेच, शिवाय ऐन चिखलणीचे दिवस गेले, ते जास्त लागलं. तुमच्यापैकी कुणाचं तसं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी एका गॅरेजवाल्याने आवाज ऐकला आणि लगेच सांगितलं, "पीटीओचा गिअर गेला, मागून उघडावा लागेल." उघडला. आतल्या डॉग गिअरच्या (सरकून शाफ्ट जोडणाऱ्या गिअरच्या) दातांच्या कडा खरोखरच खाल्लेल्या होत्या. गिअर बदलला, चार दिवस गेले. आणून लिव्हर ओढला तर आवाज कमी झाला होता, पण होता. दोन दिवस काम केल्यावर तोही गेला. आम्हाला वाटलं, नवा गिअर बसायला वेळ लागला असेल. आज कळतं की दात खाल्ले गेले होते ते लिव्हर जबरदस्तीने ओढून ओढून. म्हणजे आम्ही बदलला तो भाग आजारामुळे खराब झालेला होता, आजार दुसरीकडेच होता.

दुसऱ्या वर्षी आम्ही क्लचचा रॉड आवळला. पेडलचा प्ले (क्लच सुटू लागण्याआधीची मोकळी चाल) जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा कुठे लिव्हर पडला, म्हणजे लागला. चवथ (गणेश चतुर्थी) येईपर्यंत क्लच घसरायला लागला आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सूं सूं करून ओरडू लागलं. प्ले नसल्यामुळे ते सतत क्लचच्या फिंगरना (ज्या दाबल्या की क्लच सुटतो त्या पट्ट्यांना) टेकून फिरत होतं. त्या वर्षीचा खर्च पहिल्या वर्षीपेक्षा जास्त आला.

म्हणून पहिलं सांगणं हे की, पाना हातात घेण्याआधी बिघाड नक्की कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवा. ताकद इंजिनातून क्लचमध्ये येते, क्लचमधून इनपुट शाफ्टवर, तिथून गिअरवरून पीटीओच्या डॉगपर्यंत. लिव्हर हा डॉग पुढेमागे सरकवून मागच्या शाफ्टला जोडतो. पुढे जॉइंट शाफ्ट आणि मग रोटाव्हेटर. मागची बाजू रोटाव्हेटरला बांधलेली, म्हणून थांबलेली असते. पुढची बाजूही थांबली तरच दात दातात बसतात. कर्रर्र आवाज आला याचा अर्थ पुढची बाजू अजून फिरते आहे. ती फिरते आहे कारण क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही. त्यामुळे लिव्हर ओढल्यावर आवाज येत असेल तर मागचं झाकण उघडायच्या आधी पुढे, क्लचकडे बघायचं.

आवाजच न येता लिव्हर मध्येच अडत असेल, तर गोष्ट वेगळी. लिव्हर पडतो पण काम करताना आपोआप सुटतो, तीही वेगळी. लिव्हर पडतो, शाफ्टही फिरतो आणि चिखलात टेकवल्याबरोबर थांबतो, हे तर पूर्ण वेगळं. त्यांच्याकडे पुढे येतो.

तपासणीला हात घालण्याआधी एक गोष्ट. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. शाफ्टचा पाइप पाच सेंटिमीटर जाडीचा धरला, तरी एका सेकंदात जवळजवळ 1.4 मीटर कापड त्याच्यावर गुंडाळलं जातं. साडीचा पदर अडकला तर चार सेकंदांत अख्खी साडी आणि तिच्याबरोबर माणूस. आपल्याकडे चिखलणी चालू असताना बायका तरव्याच्या मुठी घेऊन मेरेवरून ये-जा करत असतात, मुलं ट्रॅक्टर बघायला उभी असतात. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं म्हणून काढून टाकलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. कृपा करून ते पुन्हा बसवा. आणि खाली लिहिलेल्या ज्या तपासणीत मागच्या शाफ्टला हात लावायचा आहे, ती इंजिन बंद करून, चावी काढून खिशात ठेवूनच करा. चावी ट्रॅक्टरला लटकत ठेवून नव्हे.

क्लच सुटतो की नाही, कसं ओळखायचं

सर्वात सोपी परीक्षा पाच सेकंदांची. रोटाव्हेटर जमिनीपासून थोडा उचला, गिअर न्यूट्रल, इंजिन अगदी कमी रेसवर. क्लच पूर्ण तळापर्यंत दाबा आणि मनात पाच आकडे मोजा. क्लच दाबला तरी इनपुट शाफ्ट लगेच थांबत नाही, आधीच्या वेगाने थोडा फिरत राहतो, त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. पाच आकडे झाल्यावर लिव्हर हळू ओढा. आता मुकाट्याने पडला तर ट्रॅक्टरमध्ये बिघाड नाही, आपली घाई होती. अर्ध्या अधिक तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे. आमच्याकडच्या एका काकांना क्लच दाबल्याबरोबर लिव्हर ओढायची सवय होती, ती सोडल्यापासून त्यांचा आवाज बंद झाला.

पाच सेकंदांनंतरही कर्रर्र होत असेल, तर मुख्य गिअर टाकून बघा. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला मुख्य गिअरही ओरडत असेल, तर क्लच नक्की घासतोय. मुख्य गिअर लोण्यासारखा पडतो आणि फक्त पीटीओच ओरडतो, तर क्लचला दोष देऊ नका, डॉग किंवा लिंकेज बघा. ड्युअल क्लचच्या ट्रॅक्टरचं गणित वेगळं आहे. तिथे पेडल अर्धं दाबलं की चाकांचा क्लच सुटतो आणि पूर्ण तळाला नेलं की पीटीओचा. त्यामुळे मुख्य गिअर नीट पडतात, पीटीओ ओरडतो, याचा अर्थ पेडल दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही. का पोचत नाही ते खाली वाकून बघा. पेडलच्या खाली वाळलेला चिखलाचा गोळा, जाड रबरी मॅट, नाहीतर कुणीतरी सोडलेला पाना, एवढंच असतं कधीकधी.

दुसरी परीक्षा दोन माणसांची, आणि ही मला सगळ्यात खात्रीची वाटते. इंजिन बंद, चावी खिशात, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. रोटाव्हेटरचा शाफ्ट काढून ठेवा. जॉइंटचा ट्रॅक्टरकडचा अर्धा भाग तेवढा पीटीओच्या दातांवर चढवा, म्हणजे हाताला पकड मिळते. तो थोडा इकडेतिकडे फिरवत लिव्हर पाडा. इंजिन बंद असल्याने आवाज यायचा प्रश्न नाही. आता जॉइंट फिरवून बघा. थोड्याशा खेळापलीकडे तो फिरणार नाही, कारण तो क्लचमधून इंजिनला बांधलेला आहे. मग दुसऱ्या माणसाला क्लच तळापर्यंत दाबायला सांगा आणि पुन्हा फिरवा. थोडा जड, पण सलग फिरला तर क्लच सुटतो आहे. पहिल्यासारखाच अडून राहिला तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) किंवा प्रेशर प्लेटला (तिला दाबून धरणाऱ्या प्लेटला) चिकटलेली आहे. ज्या ट्रॅक्टरला पीटीओसाठी वेगळा हायड्रॉलिक क्लच असतो, त्यांना ही परीक्षा लागू नाही.

आम्ही चौथ्या वर्षी ही परीक्षा केली. पुतण्या पेडलवर उभा राहिल्यासारखा पाय देऊन होता, मी मागे दोन्ही हातांनी जॉइंट पिळत होतो. तो हलेना. तेव्हा पहिल्यांदा मला पटलं की तीन वर्षं आपण चुकीच्या टोकाला पैसे घातले.

प्ले मोजा, अंदाज करू नका

पेडल पायाने नव्हे, हाताने हळू दाबा. जिथे एकदम जड लागतं तिथपर्यंतचं अंतर शाळेच्या पट्टीने मोजा. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना 20 ते 30 मिलिमीटर प्ले सांगितलेला असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. प्ले जास्त असेल तर तेवढी चाल वाया जाते आणि क्लच पूर्ण सुटत नाही. रॉडवरचा लॉक नट सैल करून, रॉड फिरवून प्ले आणायचा आणि लॉक नट पुन्हा घट्ट करायचा. हे शेवटचं लोक विसरतात, मग कंपनाने आठ दिवसांत सगळं पूर्ववत.

इथे एक गैरसमज खूप खोल बसलेला आहे. पीटीओ लागत नाही म्हणजे क्लच प्लेट झिजली, असं सर्रास म्हटलं जातं. प्लेट झिजली की प्ले कमी होत जातो आणि क्लच घसरतो, म्हणजे ताकद मिळत नाही. गिअर पडताना आवाज येणं हे त्याच्या उलट लक्षण आहे. प्ले आपोआप वाढला असेल तर लॉक नट सुटला असेल, पेडलचा बुश किंवा रॉडची पिन खाल्ली असेल. ते बघा. आणि प्ले बरोबर असूनही क्लच सुटत नसेल, तर रॉड आवळत सुटू नका. आम्ही दुसऱ्या वर्षी जे केलं, ते अगदी तेच होतं.

गंज, आणि तो येतो कुठून

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सरदीची (पावसाळी भाताची) चिखलणी झाली की ट्रॅक्टर शेडमध्ये जातो तो थेट वायंगणीला (पावसाळ्यानंतरच्या भाताला) बाहेर निघतो, आणि वायंगणीनंतर पुन्हा मृगापर्यंत उभा. लावून ठेवलेल्या ट्रॅक्टरमध्ये क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबलेली असते. त्या फटीत ओल गेली की लोखंडाला गंज चढतो आणि प्लेटचं लायनिंग त्याला धरून बसतं. म्हणून हा त्रास नेमका हंगामाच्या पहिल्या दिवशी होतो आणि काम सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत जातो. गंज घासून निघतो, एवढंच. आमचा पहिल्या वर्षीचा "नवा गिअर बसला" तो असा बसला होता.

चिकटलेली प्लेट सोडवायची कशी? आधी शांत उपाय. पेडल पूर्ण दाबून लाकडी ठोकळ्याने तसंच अडकवून ठेवा, एक रात्र. कधीकधी नुसत्या त्या ताणाने सकाळपर्यंत सुटते. नाही सुटली तर इंजिन न्यूट्रलमध्ये पंधरा-वीस मिनिटं चालवून चांगलं तापवा, कारण तापल्यावर पकड सैल होते, आणि पुन्हा पेडल दाबून बघा.

तरीही नाही, तर मोकळ्या सपाट जागेत जा. समोर माणूस, गुरं, झाड, काही नको. दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेली हवीत. मधला गिअर टाका, क्लच तळापर्यंत दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. प्लेट चिकटलेली असल्यामुळे ट्रॅक्टर लगेच चालू लागेल, त्याची मनाची तयारी ठेवा. क्लच दाबलेलाच ठेवून रेस थोडी वाढवा आणि ब्रेक थोडा-थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. प्लेट सुटली की ट्रॅक्टर एकदम मोकळा झाल्यासारखा थांबतो आणि इंजिन चालूच राहतं. इंजिन बंद करायची खुंटी कुठे आहे ते आधी बघून ठेवा. ज्याला ट्रॅक्टरचा सराव नाही त्याने हे करू नये, जाणत्या ड्रायव्हरला बोलवावं. आणि एक काम अजिबात करू नका: क्लच हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या लोखंडी कवचाच्या) भोकातून डिझेल, रॉकेल किंवा गंज सोडवायचं तेल आत मारू नका. लायनिंग ते पिऊन टाकतं. मग गिअर पडेल, पण क्लच कायमचा घसरेल.

आता आमचं खरं कारण. क्लच हाउसिंगच्या अगदी पोटाला, खालच्या बाजूला, एक भोक असतं. काही ट्रॅक्टरना त्यात एक सैल स्प्लिट पिन लोंबत असते, काहींना आट्यांचा बूच येतो. इंजिनच्या मागच्या सीलमधून किंवा गिअर बॉक्सच्या पुढच्या सीलमधून जे तेल झिरपतं, हवेची जी ओल आत साचते, ती खाली गळून जावी म्हणून हे भोक. सुक्या कामात ते उघडं हवं. चिखलणीत मात्र पाणी त्या उंचीपर्यंत येतं, म्हणून तेवढ्यापुरता बूच बसवायचा आणि चिखलणी संपली की काढायचा.

आमच्या ट्रॅक्टरचा बूच त्रास सुरू व्हायच्या आदल्या वर्षी चिखलणीला बसवला गेला. तो कुणी काढलाच नाही. चार घरांचा ट्रॅक्टर, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने काढला असेल. चौथ्या वर्षी, ती दोन माणसांची परीक्षा झाल्यावर, चुलतभाऊ टॉर्च घेऊन खाली झोपला आणि चिखलाचा थर खरवडता खरवडता त्याला बुचाचं डोकं लागलं. पान्याने सोडवला. आधी काहीच आलं नाही, भोक गाळाने बुजलं होतं. तार घातल्यावर पाणी आलं, जवळजवळ पेलाभर, विटकरी रंगाचं, वर तेलाचा तवंग. बोटांवर घेतलं तर गंजाची बारीक रेव लागत होती. इतकी वर्षं हे पाणी आत होतं. फ्लायव्हील त्या दमट हवेत आणि प्लेट त्याच्यावर दाबलेली.

त्या दिवशी प्लेट ब्रेकच्या उपायाने सुटली. बूच आता चावीच्या जुडग्यात तारेने बांधलेला असतो. चिखलणीच्या दिवशी जो चावी घेईल त्याने तो बसवायचा आणि चावी परत करताना बूच जुडग्यात दिसला पाहिजे, असं चारही घरांनी ठरवलंय. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर क्लच पेडल ठोकळ्याने दाबून ठेवतो. काही ट्रॅक्टरना त्यासाठी पेडलला अडकवायचा आकडाच दिलेला असतो, तो वापरा. मधून एखाद्या रविवारी इंजिन सुरू करून क्लच दहा-बारा वेळा दाबून सोडतो. त्यानंतरच्या मृगाला पहिल्याच ओढीला लिव्हर आवाज न करता पडला.

चोडण-दिवाडीकडे किंवा आमच्या नार्व्याकडे ज्यांची खाजन शेती (खाडीकाठची, बांध घालून केलेली) आहे, त्यांना यात खाऱ्या पाण्याची भर. खारेपणाने पीटीओचे दात आणि जॉइंटची लॉक पिन फार लवकर गंजते. खाजनातून आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, सुकू द्या, दातांना ग्रीस लावा आणि टोपी बसवा. जॉइंट चढत नाही म्हणून हातोडीने ठोकू नका. तो मार सरळ आतल्या बेअरिंगवर बसतो.

लिव्हर आणि लिंकेज

लिव्हर आवाज न करता मध्येच अडला, तर बऱ्याचदा दात दातावर टेकलेले असतात. क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा, गिअर थोडा फिरतो आणि लिव्हर बसतो. जोर करू नका.

काम करताना लिव्हर आपोआप सुटत असेल, तर आधी तो पूर्ण पडतो का ते बघा. लिव्हर वरून पूर्ण सरकलेला दिसतो, पण खाली रॉडला जोडणारी पिन झिजलेली आणि भोक लांबट झालेलं असलं, की वरची बोटभर चाल खाली पोचतच नाही. एकाने लिव्हर हलवावा, दुसऱ्याने खाली पिनेवर बोट ठेवावं. लिव्हर हलला आणि बोटाखाली रॉड उशिरा हलला, तर सापडलं. पिन आणि बुश ही किरकोळ वस्तू आहे. लिव्हरच्या मुळाशी वाळलेला चिखल असेल तोही काढा, तो पूर्ण चाल होऊ देत नाही. लिंकेज चोख असूनही सुटत असेल तर आतली डिटेंट स्प्रिंग आणि गोळी (लिव्हर जागेवर धरणारी), शिफ्टर फोर्क (डॉग सरकवणारा), किंवा डॉगच्या गोल झालेल्या कडा. तिथे मात्र उघडण्यावाचून इलाज नाही.

लिव्हर नीट पडला, आवाज नाही, आणि तरी शाफ्ट फिरत नाही? लिव्हर कुठल्या खुणेवर आहे ते बघा. काही ट्रॅक्टरना ग्राउंड स्पीड पीटीओ असतो, त्या खुणेवर असेल तर ट्रॅक्टर चालल्याशिवाय शाफ्ट फिरत नाही. ट्रॅक्टर धुताना मुलाने लिव्हर तिथे नेऊन ठेवलेला, आणि घरच्यांनी गिअर बॉक्स गेला म्हणून मेकॅनिकला बोलावलेलं, असं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. पीटीओचा लिव्हर पडलेला असताना सेल्फ (स्टार्टर) लागत नसेल तर तो बिघाड नाही, सुरक्षेचा स्विच आहे. लिव्हर न्यूट्रलला आणा. न्यूट्रलला आणूनही सेल्फ लागत नसेल तर त्या स्विचचा कनेक्टर गंजलाय का बघा.

शाफ्ट आणि रोटाव्हेटर

रोटाव्हेटर जोडलेला असताना अडतो आणि काढल्यावर नीट लागतो, तर बिघाड ट्रॅक्टरच्या मागे आहे. रोटाव्हेटर उचलून, इंजिन बंद करून, पाती हाताने ढकलून बघा. गेल्या हंगामातल्या पेंढ्याच्या दोऱ्या रोटरच्या बेअरिंगजवळ गुंडाळून दगडासारख्या बसलेल्या असतात. खाली हात घालण्याआधी रोटाव्हेटरला भक्कम टेकू द्या, नुसत्या लिफ्टवर विसंबू नका.

शाफ्टची लांबी ही मला वाटतं सर्वात दुर्लक्षित गोष्ट. मोठ्या ट्रॅक्टरचा शाफ्ट छोट्याला लावला की रोटाव्हेटर उचलताना किंवा खाली येताना दोन्ही पाइप एकमेकांत पूर्ण शिरून टेकतात आणि पीटीओचा शाफ्ट आत ढकलला जातो. बेअरिंग जातं, सील गळतं, डॉगची जागा हलते आणि मग लिव्हर पडेनासा होतो. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर जिथे सर्वात जवळ येतात त्या उंचीवर थांबवा, इंजिन बंद करा, शाफ्टचे दोन भाग एकमेकांच्या बाजूला धरून बघा. तिथेही टोकाला किमान 25 मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. कापायचा झाला तर दोन्ही पाइप आणि दोन्ही कव्हर सारखेच कापा, कडा घासून गुळगुळीत करा. आणि सर्वात लांब स्थितीत पाइप एकमेकांत निदान एक तृतीयांश तरी असायला हवेत, नाहीतर तो काम करताना निसटेल. जोडताना आतले दोन्ही योक (जॉइंटचे दोन फाट्यांचे तुकडे) एका रेषेत ठेवा, आडवे बसले तर शाफ्ट धडधडतो. मेरेवर वळताना रोटाव्हेटर पूर्ण उचलून पीटीओ चालू ठेवायची सवय असेल तर ती सोडा. शाफ्टचा कोन 30 अंशांच्या आत राहील एवढाच उचला, जास्त उचलायचा तर पीटीओ बंद करा.

टेकवल्याबरोबर थांबतो ही तक्रार असेल, तर मागचा शाफ्ट थांबतो की फक्त रोटाव्हेटर ते बघा, अर्थात लांबून. मागचा शाफ्ट फिरतोय आणि रोटाव्हेटर नाही, तर शिअर बोल्ट (जास्त भार आला की मुद्दाम तुटणारा) तुटलाय किंवा स्लिप क्लच (जास्त भाराला घसरणारा) घसरतोय. शिअर बोल्टच्या जागी कडक पोलादी बोल्ट घालू नका, पुढच्या वेळी दगड लागला की तुटणारी वस्तू गिअर बॉक्सच्या आतली असेल. मागचाही शाफ्ट थांबत असेल आणि इंजिन चालू असेल, तर ट्रॅक्टरचा क्लच घसरतोय.

हायड्रॉलिक क्लचचा पीटीओ असेल तर तिथे लिव्हरऐवजी बटण असतं आणि दाबाने प्लेटा आवळल्या जातात. तो हळू लागत असेल किंवा घसरत असेल तर आधी ट्रान्समिशन ऑइलची पातळी, मग फिल्टर, मग फ्यूज आणि कनेक्टर. तेल पुस्तिकेत सांगितलेलंच घाला. इंजिन ऑइल उरलंय म्हणून तेच ओतलं तर त्या प्लेटा धरत नाहीत. आणि कुठल्याही ट्रॅक्टरला डिपस्टिकवर तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर चिखलणीचं पाणी आत गेलंय. तेल बदला आणि पीटीओचं सील बघा.

इतकं सगळं करून प्ले बरोबर आहे, बूच काढलाय, प्लेट तापवून आणि ब्रेकने सोडवायचा प्रयत्न झालाय, आणि दोन माणसांच्या परीक्षेत जॉइंट अजून अडतोय, तेव्हा ट्रॅक्टर मधून उघडायची वेळ आलेली असते. फिंगरची उंची कमीजास्त झाली असेल, प्लेट वाकली असेल, किंवा फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग जाम झालं असेल. ते जाम झालं की क्लच सुटूनही इनपुट शाफ्ट इंजिनबरोबर फिरत राहतो, आणि बाहेरून ते क्लचसारखंच दिसतं. मेकॅनिकला हे आधीच सांगा, आणि उघडलाच आहे तर पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील तिन्ही बघायला सांगा, कारण मजुरी सगळी उघडण्या-जोडण्याचीच असते. फ्लायव्हीलवर गंजाचे खड्डे असतील तर ते लेथवर साफ करून घ्या, नव्या प्लेटला जुना खडबडीत पृष्ठभाग देऊ नका. जोडून झालं की बिल देण्याआधी स्वतः खाली वाका आणि हाउसिंगच्या पोटाचं ते भोक मोकळं आहे ना, तार घालून बघा.